पासष्ट युनिटांचं पासबुक

मंगळवार, २५ जून २०२४. दुपारचे सव्वातीन. मी ऑफिसात एका कुरियर कंपनीच्या बिलाशी झटत बसले होते, तेवढ्यात फोनवर सॉलिसिटरचा मेल आला. शुक्रवारी आम्हाला लंडनजवळच्या स्लाऊमधल्या फ्लॅटची किल्ली मिळायची होती. सॉलिसिटरचा मेल म्हटला की आधी पोटात गोळा आणि मग तो उघडायचा, ही सवय पाच महिन्यांत लागलीच होती. मेलला 'कम्प्लीशन स्टेटमेंट' जोडलेलं होतं. घराची किंमत, बँकेचं कर्ज, आम्ही आधी भरलेली रक्कम, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, आम्ही अजून किती पाठवायचे तो आकडा. माझ्या हिशोबापेक्षा तो २,७४०.८० पौंडांनी जास्त होता. पैसे बुधवारी दुपारी बाराच्या आत पोचायला हवे होते.

गंमत म्हणजे माझी नोकरीच बिलं तपासायची आहे. हीथ्रोजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत मी अकाउंट्सला आहे. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, हे तीन कागद एकमेकांशी जुळले तरच आमच्याकडे पैसे सुटतात. तीस पौंडांसाठी मी ड्रायव्हरच्या सहीची पावती मागते. आणि वकिलाचं बिल आलं तेव्हा मी काय केलं, तर नवऱ्याला फोन करून विचारलं, "तुझ्या खात्यात किती आहेत?"

ज्यांचा इकडच्या घरखरेदीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॉलिसिटर हा शब्द आपल्याकडे मुंबईच्या फोर्टाबाहेर फारसा कानावर पडत नाही. इंग्लंडात मात्र घर घ्यायचं ठरलं की इस्टेट एजंटच्या पाठोपाठ यालाच गाठायचं. हा मुख्यतः कागदांचा माणूस. मालकी तपासायची, कौन्सिलकडून माहिती मागवायची, फ्लॅट असेल तर शंभर-सव्वाशे वर्षांचा भाडेपट्टा वाचायचा, बँकेचे पैसे आपल्या खात्यातून विकणाऱ्याकडे पोचवायचे, मुद्रांक शुल्काचा फॉर्म भरायचा, शेवटी लँड रजिस्ट्रीत नाव लावायचं. व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी 'एक्स्चेंज', म्हणजे करार पक्का आणि दहा टक्के रक्कम अडकली. मग काही दिवसांनी 'कम्प्लीशन', म्हणजे उरलेले पैसे आणि किल्ली. आमचं एक्स्चेंज १४ जूनला झालं होतं. फ्लॅट २,६५,००० पौंडांचा, म्हणजे २६,५०० पौंड आमचे अडकलेले. शुक्रवारी उरलेले पैसे पोचले नाहीत तर रोज व्याज, आणि फारच ताणलं तर हे २६,५०० सुद्धा जाणार.

बिल बरोबर या दोन टप्प्यांच्या मधे आलं. मुद्दाम आलं असं मी आजही म्हणणार नाही. पण मान अडकलेली असताना आलं, हे खरं.

जानेवारीत त्यांनी दिलेला अंदाज होता १,१९५ पौंड फी, वर २० टक्के व्हॅट, मिळून १,४३४. कौन्सिलचे, रजिस्ट्रीचे वगैरे खर्च निराळे, ते जवळजवळ अंदाजाइतकेच निघाले. बिलात फी झाली होती ३,४७९ पौंड. व्हॅट धरून ४,१७४.८०. वाढलेले आकडे असे: फ्लॅट भाडेपट्ट्याचा आहे म्हणून २९५. मुद्रांक शुल्काच्या फॉर्मचे ९५. बँकेतून दोनदा पैसे पाठवायचे ४२ प्रमाणे ८४. भेट म्हणून मिळालेल्या रकमेचे १२५ प्रमाणे दोनदा, २५०. आणि मग तो मोठा दगड: 'पैशाच्या उगमाची तपासणी, साडेसहा तास, ताशी २४० पौंड', एकूण १,५६०.

पैशाचा उगम म्हणजे आमचे अप्पा.

अप्पा साताऱ्याचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आम्ही घर बघतोय म्हटल्यावर स्वतःहून म्हणाले, चौदा लाख देतो, तुझ्या लग्नात वाचवले होतेस ते समज. परदेशात पैसे पाठवताना एका माणसाने वर्षात सात लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जायचा, ऑक्टोबर २०२३ पासूनचा नियम. तो पुढे विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकतो. म्हणून अप्पांनी शक्कल काढली की सात त्यांच्या नावाने, सात आईच्या. फेब्रुवारीत पैसे आले, एक पैही कापली न जाता. अप्पांना कोण आनंद झाला होता. (मार्चमध्ये सात आणि आर्थिक वर्ष बदलल्यावर एप्रिलात सात पाठवले असते तर एकाच नावावर भागलं असतं, हे माझ्या भावाने नंतर सांगितलं. सल्ला देणारे नंतरच भेटतात.) पण इकडे सॉलिसिटरच्या दृष्टीने हे झाले दोन देणगीदार. दोन भेटपत्रं, दोघांच्या पासपोर्टच्या नोटरी केलेल्या प्रती, दोघांची खाती, १२५ गुणिले दोन. टीसीएस चुकवला आणि सॉलिसिटरच्या दारात सापडलो.

त्यात जिल्हा बँक. शिक्षकांचा पगार आणि पुढे पेन्शन जिल्हा बँकेत, पण तिथून परदेशी पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून ठेव मोडून पैसे आधी राष्ट्रीयीकृत बँकेत आणि मग इकडे. म्हणजे चार पासबुकं. राष्ट्रीयीकृत बँकेची इंग्रजीत. जिल्हा बँकेची मराठीत, आणि ती पण कशी, छपाईयंत्राची शाई संपत आलेली, एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली, मधेच शाखाधिकाऱ्याने पेनाने दुरुस्त करून गोल शिक्का मारलेला. 'व्याज जमा', 'पेन्शन जमा', 'मुदत ठेव वर्ग'. मी स्वतः भाषांतर करून चालणार नव्हतं, अधिकृत भाषांतरकाराकडूनच हवं होतं. ते करून घेतलं, त्याचे ९० पौंड मी आधीच निराळे भरले होते. आईच्या पासबुकावर नावाआधी 'सौ.' होतं. भाषांतरकाराने ते इंग्रजी अक्षरांत तसंच ठेवलं. चार दिवसांनी सॉलिसिटरच्या ऑफिसातून विचारणा आली: हे 'सौ' कोण? हे तिसरे देणगीदार आहेत का, आणि असल्यास त्यांचा पासपोर्ट कुठे आहे?

मी तेव्हा खूप हसले होते. आईला फोन करून सांगितलं, तीही हसली. त्या प्रश्नाचे आणि माझ्या उत्तराचे पैसे लागत होते हे तेव्हा माहीत नव्हतं.

भेटपत्रावर मात्र आई हसली नाही. त्यात देणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की ही रक्कम परत मागणार नाही आणि या घरात आमचा कुठलाही हक्क नाही. कर्ज देणाऱ्या बँकेला ते हवं असतं. अप्पांनी साताऱ्यात कोर्टासमोरच्या नोटरीकडे बसून सही केली. आईने कागद दोनदा वाचून घेतला आणि मला फोनवर विचारलं, "म्हणजे आम्ही तिकडं आलो तर राहायचं कुठं?" तिची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. त्याचं बिल कुणी लावलं नाही.

असो. बुधवारी सकाळी आम्ही पैसे भरले. अकराशे पौंड मैत्रिणीकडून उसने घेतले. पण मंगळवारी रात्री साडेअकराला मी एक काम केलं, ज्याचा पुढे फार उपयोग झाला. सॉलिसिटरला चार ओळींचा मेल टाकला: शुक्रवारचा व्यवहार मोडू नये एवढ्यासाठीच मी ही रक्कम भरत आहे, या बिलाची रक्कम मला मान्य नाही, आणि याबद्दल मी लेखी तक्रार करणार आहे. ऑफिसात वादातल्या बिलांवर आम्ही 'अंडर प्रोटेस्ट' असा शेरा मारतो. तेवढं एक तरी डोक्यात राहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी दोनला किल्ली मिळाली. तो दिवस मी बिलाचा विचार केला नाही. दूध उतू घातलं, तर स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म वाजला.

पुढच्या सोमवारी मी सॉलिसिटरच्या ऑफिसात फोन केला आणि तिथल्या पोरीवर आवाज चढवला. ती बिचारी तीन आठवड्यांपूर्वी कामाला लागली होती, तिला आमची फाइलही माहीत नव्हती. "बेअर विथ मी, बेअर विथ मी" करत राहिली. ही माझी चूक. फोनवरच्या बोलण्याला पुरावा म्हणून किंमत नसते आणि उलट आपणच आरडाओरडा करणारे ठरतो. संध्याकाळी शांत झाल्यावर मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तीन कागद टेबलावर ठेवले: जानेवारीतला अंदाज, त्यासोबत आलेलं अकरा पानी अटींचं पत्र, आणि बिल.

जुळवायला बसले तर पहिले चार मुद्दे माझ्याच अंगावर आले. या देशात डिसेंबर २०१८ पासून घरखरेदीसारख्या कामांचे दर फर्मने आपल्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. त्यांनी टाकले होते. भाडेपट्ट्याचे जादा २९५, फॉर्मचे ९५, पैसे पाठवायचे प्रत्येकी ४२, सगळं तिथे होतं. भेटीच्या रकमेचे 'प्रत्येक देणाऱ्यामागे १२५' हे अटींच्या नवव्या पानावर होतं. मी सही केली होती. न वाचता. घर भाडेपट्ट्याचं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मग २९५ अंदाजातच का धरले नाहीत, हा प्रश्न माझ्या मते आजही वाजवी आहे. पण मी तो ताणला नाही. कमकुवत मुद्दा घेऊन गेलं की समोरचा त्याच्यावरच बोट ठेवतो आणि बळकट मुद्दा बाजूला राहतो.

बळकट मुद्दा चौथ्या पानावर होता. ठरलेल्या कामापलीकडे काम करावं लागलं तर ते ताशी २४० पौंडांनी आकारलं जाईल, इथवर त्यांची बाजू. पण पुढचंच वाक्य: असं काम सुरू करण्यापूर्वी आम्ही तुम्हाला कळवू आणि सुधारित अंदाज देऊ. मी पाच महिन्यांचे सगळे मेल चाळले. एकूण १४३. कागद मागणारे खूप, आठवण करणारे खूप, 'हे कोण सौ' एक. सुधारित अंदाज एकही नाही.

मग मी लेखी मागणी केली की साडेसहा तासांचा हिशोब तपशीलवार द्या. काही दिवसांनी तीन पानी तक्ता आला. तो तक्ता ही या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत आवडती वस्तू आहे, मी तो जपून ठेवला आहे. इथले सॉलिसिटर वेळ सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. एक तुकडा म्हणजे एक युनिट, तासाला दहा. २४० पौंडांच्या दराने एका युनिटचे २४, व्हॅट धरून २८.८०. एक मेल वाचला, एक युनिट. त्याला उत्तर दिलं, आणखी एक. तक्त्यात रकाने होते: तारीख, काम करणाऱ्याची आद्याक्षरं, काम, युनिटं. आठ मार्चच्या ओळीवर लिहिलं होतं, 'अशिलाचा मेल, वाचला: १'. मी तो मेल शोधला. मी लिहिलं होतं: 'थँक्यू सो मच, हॅव अ लव्हली वीकेंड.' लव्हली वीकेंडचे २८ पौंड ८० पेन्स.

पण खरी गोष्ट आद्याक्षरांच्या रकान्यात होती. फेब्रुवारीत एकाची, एप्रिलमध्ये दुसऱ्याची, मेमध्ये तिसऱ्याची. आमची फाइल पाहणारा माणूस दोनदा बदलला होता, हे आम्हाला कुणी नीट सांगितलंही नव्हतं, फक्त मेलखालचं नाव बदलत गेलं. आणि प्रत्येक नव्या माणसाने अप्पांचं पासबुक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं होतं. फेब्रुवारीत 'परदेशी बँकेची कागदपत्रं तपासली: ९'. एप्रिलमध्ये तेच, ११. मेमध्ये तेच, १२. पासष्ट युनिटांपैकी बत्तीस त्याच त्या पासबुकावर. मी हे सांगितल्यावर अप्पा क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "माझं पासबुक मीसुद्धा तीनदा वाचलं नसेल."

८ जुलैला मी औपचारिक तक्रार पाठवली. इकडे रीत अशी की आधी फर्मकडेच तक्रार करायची, त्यांच्या अटींच्या पत्रात कुणाकडे करायची त्याचं नाव असतं, आणि त्यांना उत्तराला आठ आठवडे द्यायचे. माझ्या पत्राच्या विषयात मी ठळक 'तक्रार' असं लिहिलं, म्हणजे नंतर 'ही नुसती चौकशी होती' म्हणायला जागा नको. पत्र एक पानाचं. पैशाच्या उगमाची तपासणी कायद्याने करावीच लागते हे मला मान्य आहे असं पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकलं, कारण २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांचा पाढा ते वाचणार हे उघड होतं. तपासणी करू नका असं माझं म्हणणंच नव्हतं. तिला इतके पैसे पडतील हे मला सांगितलं नाही, आणि तुमच्या ऑफिसातली माणसं बदलली त्याचा भुर्दंड माझ्यावर टाकला, एवढंच. खाली सॉलिसिटरांच्या आचारसंहितेतलं ८.७ हे कलम दिलं: काम घेताना आणि काम चालू असताना योग्य त्या वेळी, एकूण खर्च किती होईल याची शक्य तितकी चांगली माहिती अशिलाला मिळाली पाहिजे. शेवटी मागणी आकड्यात. 'योग्य ती कारवाई करावी' असं नाही. उगम तपासणीचे १,५६० पौंड आणि त्यावरचा व्हॅट परत करा.

मधल्या काळात सल्ल्यांचा पाऊस पडला. एका सहकाऱ्याने सांगितलं, सरळ कोर्टात जा, वकिलाचं बिल तपासून घ्यायचा हक्क अशिलाला १९७४ च्या सॉलिसिटर्स ॲक्टनेच दिला आहे. खरं आहे. कलम ७०. बिल मिळाल्यापासून एका महिन्यात अर्ज केला तर कोर्ट बिनशर्त तपासून देतं, नंतर बारा महिन्यांपर्यंत अटी घालू शकतं, पैसे भरून झाले असतील तर खास कारण दाखवावं लागतं. पण त्यात मेख आहे. तपासणीअंती बिल एक पंचमांश किंवा त्याहून जास्त कमी झालं तर तपासणीचा खर्च सॉलिसिटरवर. त्याहून कमी कापलं गेलं तर तो अशिलावर. म्हणजे दोन हजार वाचवायला जाऊन चार हजारांचा खड्डा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे वाक्य मी लहानपणी आजोबांकडून इतक्यांदा ऐकलंय की तो महिना मी तसाच जाऊ दिला.

पुण्यातला माझा मामेभाऊ वकील आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो खो-खो हसला. म्हणाला, "ताई, तुझं नशीब तू तिकडं आहेस. आमच्याकडं मे महिन्यातच सुप्रीम कोर्टानं सांगितलं, वकिलाविरुद्ध ग्राहक कोर्टात जाता येत नाही म्हणून." १४ मे २०२४ चा तो निकाल मी नंतर वाचला. वकिली हा धंदा नव्हे आणि वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असं त्यात म्हटलंय. मामेभावाला निकाल अर्थातच पसंत होता. आमचं त्या विषयावर अजून वाजतं.

एक वेडी वाट मीही चालून आले. सॉलिसिटरांचं नियमन करणारी संस्था म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, थोडक्यात एसआरए. (भावाला वाटलं मी झोपडपट्टी पुनर्वसनात अर्ज केला.) त्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की आम्ही गैरवर्तन पाहतो, फी परत मिळवून देणं आमचं काम नाही, त्यासाठी लीगल ओम्बड्समनकडे जा. दोन आठवडे फुकट.

२९ ऑगस्टला फर्मचं अंतिम उत्तर आलं. चार पानं. संकेतस्थळावरचे दर, नववं पान, २०१७ चे नियम, सगळं होतं. पासबुक तीनदा का वाचलं याबद्दल एक वाक्य: 'फाइल हाताळणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने स्वतःची खात्री करून घेणं आवश्यक आहे.' चौथ्या पानाबद्दल अवाक्षर नाही. शेवटी, कोणतीही चूक मान्य न करता, सदिच्छा म्हणून १५० पौंड देऊ केले होते. नवरा म्हणाला, "घे आणि सोड." खरं सांगते, मीही थकले होते. पण 'स्वतःची खात्री' हे शब्द डोक्यात बसले. माझ्या ऑफिसात नवा माणूस आला आणि जुनं बिल त्याने पुन्हा तपासलं तर त्या वेळेचे पैसे आम्ही पुरवठादाराकडून घेतो का?

सप्टेंबरमध्ये लीगल ओम्बड्समनचा फॉर्म भरला. ही संस्था २०१० पासून आहे, ऑफिस बर्मिंगहॅमला, वकिलांविरुद्धच्या तक्रारींचा लोकपाल म्हणा. तक्रारदाराला एक पेनी लागत नाही. फर्मला मात्र तेव्हा प्रत्येक प्रकरणामागे ४०० पौंड पडू शकत होते, आणि हे फर्मलाही माहीत होतं. मुदती कडक आहेत: फर्मच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिने, आणि एप्रिल २०२३ पासून मूळ घटनेनंतर एकच वर्ष. फॉर्मसोबत मी सहाच कागद जोडले. १४३ मेल जोडायचा मोह झाला होता, टाळला. त्या तक्त्यावर मात्र पिवळ्या हायलायटरने तीन ओळी रंगवल्या, ९, ११, १२, आणि चौथ्या पानावरचं ते वाक्य.

मग वाट पाहणं. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, महिने गेले. ऑक्टोबरात इथल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल वाचनात आला: सॉलिसिटरने अशिलाच्या पैशातून आपलं बिल परस्पर वळतं केलं, तर अशिलाने रकमेला संमती दिल्याशिवाय ते 'बिल भरलं' असं धरता येत नाही. माझ्या प्रकरणाला त्याची गरज पडली नाही, पण मंगळवारी रात्री साडेअकराच्या त्या चार ओळी आठवून मला जरा ताठ बसल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत तपासनीस बाईंचा फोन आला. फार शांत बोलत होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला ज्याची मी तयारी केली नव्हती: "तुम्हाला मार्चमध्ये सांगितलं असतं की याला दीड हजार लागतील, तर तुम्ही काय केलं असतंत?" मी क्षणभर गडबडले. मग खरं ते सांगितलं. वडिलांचे पैसे घेतले असते का, सांगता येत नाही. कदाचित फक्त त्यांचेच सात लाख घेतले असते, आईचे परत पाठवले असते, आणि थोडा लहान फ्लॅट पाहिला असता. निदान जिल्हा बँकेतून शिक्का मारलेला इंग्रजी उतारा मागवून घेतला असता, म्हणजे पासबुक वाचायची वेळच आली नसती. त्या बराच वेळ टाइप करत होत्या.

मार्चच्या अखेरीस त्यांचा अहवाल आला. भाडेपट्टा, फॉर्म, भेटी, बँक: फर्मची बाजू बरोबर. तिथे मी हरले. उगम तपासणी: खर्चाची पूर्वसूचना न देणं आणि तेच काम पुन्हा पुन्हा करून त्याचे पैसे लावणं ही वाजवी सेवा नव्हे. चार खात्यांच्या कागदांना दोन तास पुरेसे, म्हणजे ४८० पौंड. उरलेले १,०८० आणि त्यावरचा २१६ व्हॅट परत, वर मनस्तापाबद्दल १५०. एकूण १,४४६. फर्मने दहा दिवसांत मान्य केलं, मीही केलं, त्यामुळे प्रकरण ओम्बड्समनच्या अंतिम निर्णयापर्यंत गेलंच नाही. रात्री गणित केलं तर बिल एक पंचमांशाहून जास्तच कमी झालं होतं. कोर्टातही जिंकले असते म्हणायचं. पण हे जुलैत मला कोण सांगणार होतं?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पैसे खात्यात आले. पाठवायचे ४२ पौंड कापलेले नव्हते, मी तपासलं. मैत्रिणीचे पैसे कधीच फेडून झाले होते, म्हणून हे मी अप्पांना परत पाठवते म्हटलं. ते नको म्हणाले, वर विचारलं, "म्हणजे पासबुक पास झालं तर." मग पेपरात वाचलेली बातमी सांगितली. १ एप्रिलपासून टीसीएसची मर्यादा सातवरून दहा लाख झाली होती.

"आता पुढच्या वेळी एकाच्याच नावानं पाठवू," अप्पा म्हणाले. "तुझ्या आईची सौ. नको मधे."